शब्दचर्चा: दयामरण, इच्छामरण, सुखमृत्यू की नुसतं ‘झोपवणं’?

काना-मात्रा

म्हाताऱ्या, बऱ्या न होणाऱ्या कुत्र्या-मांजराला इंजेक्शन देऊन मरण देतात, त्याला मराठीत नक्की काय म्हणावं? दयामरण, इच्छामरण, सुखमृत्यू, ‘झोपवणं’, ‘सोडवणं’ असे सगळेच शब्द वापरात दिसतात. पाळीव प्राणी असलेल्यांसाठीच्या माहितीपत्रकात एकच शब्द ठेवायचा आहे. ‘युथनेशिया’ मूळ ग्रीक: ‘यू’ म्हणजे चांगलं, ‘थानातोस’ म्हणजे मरण. अर्थाने सुखमृत्यू सर्वांत जवळचा, पण बोलताना तो कोणाच्या तोंडी येत नाही.

समासचक्र

इच्छामरण पहिल्यांदा बाद करा. शंतनूने भीष्माला वर दिला तो इच्छामरणाचा. शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट बघता आली ती त्या वरामुळे. म्हणजे इच्छा मरणाऱ्याची. कुत्र्याला इच्छा विचारता येत नाही, आणि मालकाच्या इच्छेने आलेल्या मरणाला इच्छामरण म्हटलं तर शब्द अगदी उलटा होतो.

क्रियापदं बघितली तरी फरक कळतो. इच्छामरण ‘मागतात’ किंवा ‘स्वीकारतात’, दयामरण ‘देतात’. देणारा एक, मरणारा दुसरा, हे त्या ‘देणे’तच आलं. शब्दाने एवढं तरी सांगायलाच हवं.

सुखमृत्यूची अडचण वेगळी. रात्री निजला आणि सकाळी उठला नाही, त्यालाही आपण ‘सुखाने गेला’ म्हणतो. कोणी तरी निर्णय घेतला, कोणी तरी सुई टोचली, हे त्यात कुठेच नाही.

शुश्रूषा

दवाखान्यात सगळ्यांत घोटाळ्याचा शब्द ‘झोपवणं’. दात साफ करायचे, गाठ काढायची, खोल जखम शिवायची, तेव्हाही डॉक्टर ‘झोपवून करू’ असंच म्हणतात. फोनवर घाईत कोणी ‘झोपवायचं ठरलंय’ सांगितलं की ऐकणारा भूल समजतो की मरण, हे नशिबावर. संमतीपत्रावर तर हा शब्द येताच कामा नये. ‘इंजेक्शन देऊन टाकू’ही तसंच, लसीचंही इंजेक्शनच असतं.

लहान मुलांना ‘मोतीला झोपवलं’ सांगणं त्याहून वाईट. मूल ते अक्षरशः घेतं. मग रात्री झोपायला घाबरतं, किंवा स्वतःच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी डॉक्टर ‘तुला झोपवणार’ म्हणाले की किंचाळतं. ‘त्याचं शरीर बंद पडलं, तो मेला, आता उठणार नाही’ हे ऐकायला कठोर वाटतं, पण मुलाच्या डोक्यात गोंधळ उरत नाही.

गंमत अशी की प्रक्रियेत झोप खरोखर असते, फक्त पहिल्या टप्प्यात. आधी गुंगीचं इंजेक्शन, स्नायूत किंवा कातडीखाली. पाच ते पंधरा मिनिटांत प्राणी मान टाकतो. गुंगीच्या काही औषधांनी, विशेषतः मांजरांना, उलटी होते. म्हणून घासभर आवडीचं द्यायला हरकत नाही, पण त्याआधी पोटभर जेवण नको. मग पुढच्या पायाचे केस कापून शिरेत कॅन्युला, म्हणजे बारीक लवचीक नळी, बसवतात आणि त्यातून बहुधा पेंटोबार्बिटल जास्त मात्रेत देतात. हे औषध भुलीच्याच कुळातलं आहे. काही सेकंदांत शुद्ध पूर्ण जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. सगळं एक-दोन मिनिटांत. या दुसऱ्या टप्प्याला ‘झोप’ म्हणणं खोटं आहे.

चौकस

डोळे उघडे राहतात आणि नंतरही श्वास येतो, असं ऐकलं. मग जीव होता की नव्हता? त्याला शब्द काय?

शुश्रूषा

आचके. मराठीत इतका नेमका शब्द असताना लोक ‘शेवटचे श्वास’ म्हणून सोडून देतात. हृदय थांबल्यावर मेंदूच्या देठातून उरलासुरला संदेश जातो, छाती एकदम ताणली जाते, जबडा उघडतो. एक, दोन, कधी चार-पाच वेळा. तो श्वास नव्हे, शुद्ध आधीच गेलेली असते. घरघर वेगळी: ती मरणाआधीची, घशात साचलेल्या स्रावातून हवा जाताना होणारा आवाज.

पापणी मिटायला स्नायूचं काम लागतं, ते थांबलं की डोळा उघडाच राहतो. कातडी थरथरते, लघवी-शी होते. खाली जाड कापड हवं ते म्हणूनच. मृत्यू नक्की करताना डॉक्टर स्टेथोस्कोप लावून मिनिटभर तरी ऐकतात आणि बुबुळाला हलकेच स्पर्श करून पापणी लवते का बघतात. हे आधी सांगितलं नाही तर घरचे पहिल्या आचक्याला ‘अरे, जिवंत आहे!’ म्हणून हादरतात, आणि ती आठवण पुसता पुसत नाही. माहितीपत्रकात हा परिच्छेद शब्दाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा.

चुकतं कुठे, तेही लिहा. अंगातलं पाणी आटलेलं म्हातारं मांजर असेल तर शीर सापडत नाही, सापडली तर सुई टोचताच फुटते. औषध शिरेबाहेर गेलं तर आग होते आणि परिणाम लांबतो. म्हणून आधी गुंगी आणि कॅन्युला, नुसती सुई नव्हे. शीर मिळालीच नाही तर पोटाच्या पोकळीत औषध देतात. तो मार्ग संथ आहे, वेळ बराच लागू शकतो, हे आधी सांगावं. आणि पेंटोबार्बिटल शरीरात टिकून राहतं: उथळ पुरलेलं शव उकरून खाल्लेला दुसरा प्राणीही मरू शकतो. खड्डा खोलच हवा.

काना-मात्रा

‘दयामरण’ पक्कं. आता त्याच्या अलीकडचा शब्द: ‘हाल’. ‘हाल होऊ लागले की निर्णय घ्या’ असं सगळेच लिहितात. पण हाल कधी सुरू होतात?

ओसरी

‘हाल’ मूळ अरबी, अर्थ नुसता ‘अवस्था’. ‘हालहवाल’ विचारतो तेव्हा तोच अर्थ शिल्लक असतो. मराठीत अनेकवचनात त्याचे ‘क्लेश’ झाले. इथे तो जुना अर्थच कामाचा: आधी अवस्था मोजा, मग क्लेश म्हणायचं की नाही ते ठरवा.

ॲलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य कर्करोगतज्ज्ञांनी २००४ मध्ये मांडलेली मोजपट्टी यासाठी वापरतात. सात बाबी: वेदना (श्वासाचा त्रास यातच धरतात), भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा बरे दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला ० ते १० गुण, १० म्हणजे उत्तम. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य धरतात. मात्र बेरजेवर विसंबून राहू नका. वेदनेत शून्य आणि बाकी सगळं ठीक असेल तरी आकडा ३५ ओलांडतो. श्वास कोंडत असेल तर बाकीच्या सहा गुणांना काही अर्थ नाही.

आता एकेक शब्द सोडवू. ‘दम लागतो’ हे पुरेसं नाही. प्राणी गाढ झोपेत असताना छाती वर-खाली होते तो एक श्वास. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत हवेत. रोजच ३० च्या वर जात असतील तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. कुत्रा उन्हातून आल्यावर जीभ काढून धापा टाकतो ते मोजू नका, फसाल.

‘सुकलाय’: हिरडीवर बोट ठेवा. चिकट, कोरडी लागली तर पाणी कमी पडतंय. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा, उशीर होत असेल तर रक्ताभिसरण मंदावलंय. मानेजवळची कातडी चिमटीत उचलून बघतात, पण म्हाताऱ्या प्राण्याची कातडी सैलच असते, म्हणून हिरडी जास्त खरी.

‘जेवत नाही’: खाल्ल्याचं वजन करून लिहा. ‘थोडं खाल्लं’ हा शब्द मनाची समजूत आहे. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचून नवंच दुखणं उभं राहतं.

‘अंथरूण धरलं’: स्वतः उठता येत नसेल तर दर दोन ते चार तासांनी कूस बदलावी लागते. नाही बदलली की कोपर आणि खुब्याच्या हाडावर आधी केस जातात, मग कातडी लाल होते, मग जखम. लघवीने ओलं अंग तसंच राहिलं तर तिथली कातडी भाजल्यासारखी सोलवटते. ‘स्वच्छता’ हा गुण मोजपट्टीत त्यासाठी आहे, वास येतो म्हणून नव्हे.

‘दुखत नाहीये, ओरडत कुठे आहे?’ हे वाक्य माहितीपत्रकात चुकीचं म्हणून ठळक छापा. मांजर तर सहसा कण्हतच नाही. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे किलकिले, तोंडाभोवतीचे स्नायू ताठ, मिशा सरळ ताणलेल्या, डोकं खांद्यांच्या पातळीखाली, ही पाच लक्षणं बघा. आणि घुरघुर म्हणजे सुख, असंही नाही. दुखत असतानाही मांजर घुरघुरतं.

चौकस

‘आता काही करू नका, नैसर्गिकपणे जाऊ दे’ म्हणणं हेही दयामरणातच येतं का?

शुश्रूषा

नाही, आणि हा फरक पत्रकात नसेल तर पत्रक अपुरं. ‘उपचार थांबवणं’ ढोबळ शब्द आहे. रोग बरा करण्याचे उपचार थांबवणं वेगळं, त्रास कमी करण्याचे थांबवणं वेगळं. दुसऱ्यांना उपशामक उपचार म्हणतात, ते शेवटपर्यंत चालू ठेवायचे. हृदय कमकुवत झालेल्या कुत्र्याचं फ्युरोसेमाइड, म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारं औषध, ‘कशाला आता’ म्हणून बंद केलं तर फुप्फुसात पाणी भरतं आणि जनावर गुदमरून मरतं. याला नैसर्गिक म्हणायचं असेल तर म्हणा, दया म्हणू नका. बरेच दिवस चाललेलं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडही एकदम तोडत नाहीत. आणि घरातली माणसांची वेदनाशामकं देऊ नका: पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

समासचक्र

‘वेळ आली की तोच सांगेल’ हे वाक्यही तपासा. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीत वेळ आपल्या हातात नसते, ती ‘येते’. इथे वेळ ‘ठरवायची’ असते. ‘वेळ येईल’ म्हणत बसणाऱ्याची वेळ बहुधा मध्यरात्री येते, दवाखाना बंद असताना, धावपळीत. म्हणून ‘वेळ ठरवताना’ असं शीर्षक द्या.

ओसरी

त्याखाली कॅलेंडरची युक्ती द्या. रोज रात्री दिवसावर खूण: बरा असेल तर टिंब, वाईट असेल तर फुली. घरातल्या एकानेच रोज करावी, नाही तर मापं बदलतात. सलग दोन आठवड्यांत फुल्या जास्त झाल्या की डॉक्टरांशी दिवस बोलून ठेवा. ‘वाईट’ कशाला म्हणायचं ते मात्र खुणा सुरू करण्याआधी लिहून काढा, कारण पुढे प्रेमापोटी व्याख्या सैल होत जाते. शेपूट हलली म्हणून दिवस बरा ठरत नाही, दुखणारा कुत्राही मालक दिसला की शेपूट हलवतो.

काना-मात्रा

मग असं करतो: शीर्षकात आणि संमतीपत्रात ‘दयामरण’, पहिल्या टप्प्याला ‘गुंगी’, शस्त्रक्रियेसाठी ‘भूल’. ‘झोपवणं’ कुठेच नाही. ‘निरोप देणे’ आणि ‘सुटला बिचारा’ ठेवू का? कानाला बरे वाटतात.

समासचक्र

नंतरच्या मजकुरात ठेवा, शोक करताना माणूस तेच बोलतो. निर्णयाच्या पानावर नको. ‘निरोप’ प्रवासाला निघालेल्यालाही देतात. आणि दयामरण जोडूनच लिहा, ‘दया मरण’ असे दोन शब्द नकोत. ‘दयेने दिलेलं मरण’ असा तो समास आहे.