दादांच्या किडनीत 3.2 सेंमीची गाठ, डॉक्टर म्हणायलेत किडनीच काढू

गंगाखेडकर:
राम राम मंडळी. दादांचं (वय 61) पोट दुखायलं म्हणून मूतखडा असंल समजून सोनोग्राफी केली तर खडा राहिला बाजूला, उजव्या किडनीत वरच्या टोकाला गाठ निघाली, रिपोर्टवर हायपरएकोइक, म्हणजे सोनोग्राफीत पांढरी चमकणारी, असं लिहिलंय. लघवीत रक्त नाही, वजन उतरलं नाही, परवापर्यंत रात्री हरभऱ्याला पाणी देत होते. डॉक्टरनं ट्यूबलाईटसमोर फिल्म धरली अन् डायरेक्ट म्हणले किडनी काढावी लागंल, आठ दिवसात या. माय नुसती रडायली, शेजारचे काका म्हणतेत तपासायला गाठीला सुई लावू देऊ नका, सुई लागली की पसरतंय. शुगर आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) 1.3. काय करावं?

लातूरची_मावशी:
घाबरू नको लेका. माझ्या जावेला पण असंच पांढरं चमकणारं निघालं होतं, अँजिओमायोलायपोमा म्हणजे चरबीची गाठ, कॅन्सर नव्हताच. तिची 5 सेंमीची होती, 4 च्या वर गेली की आतल्या आत रक्तस्राव व्हायची भीती जास्त म्हणून मांडीतून बारीक नळी घालून गाठीचं रक्त बंद केलं. किडनी अजून शाबूत आहे.

सीटीवाला_नांदेड:
मावशींचं बरोबर, पण लहान कॅन्सर पण सोनोग्राफीत कधीकधी पांढराच दिसतो, म्हणून त्यावर काही ठरवू नका. मी सीटी मशीनवर असतो. ट्रायफेजिक सीटी करा, आधी साधा, मग कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं रंगाचं औषध) देऊन टप्प्याटप्प्यानं. साध्या सीटीत गाठीवर कर्सर ठेवला अन् घनतेचा आकडा (हाउन्सफील्ड युनिट) मायनस 10 च्या खाली गेला की आत चरबी, मग बहुतेक वेळा साधीच, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ असते. कॉन्ट्रास्टनंतर आकडा आधीपेक्षा 20 हून जास्तनं वाढला तर गाठीला रक्त मिळायलंय. आता गोची अशी की ऑन्कोसायटोमा ही साधी गाठ पण कॅन्सरसारखाच रंग घेती, रेडिओलॉजिस्ट पण डोकं खाजवतेत. क्रिएटिनिन अन् शुगरच्या गोळ्या आधीच सांगून ठेवा.

बीडचा_भाचा:
किडनी काढायची घाई कशाला?? 4 सेंमीच्या आतल्या ठोस गाठीत साधारण पाचातली एक साधीच निघती. अन् कॅन्सर निघाला तरी किडनीच्या आतच राहिला असंल तर ही टी1ए, म्हणजे सुरुवातीची स्टेज, जमत असंल तिथं पार्शल करतेत, म्हणजे गाठीपुरताच भाग काढायचा. दादांना शुगर अन् 1.3, त्यांना तर उरलेली किडनी सोन्यासारखी. सुईचं म्हणाल तर माझ्या मामांची बायोप्सी (सुईनं तुकडा काढून तपासणी) झाली, पसरणं लई क्वचित होतंय, फक्त कधीकधी तुकड्यातून नीट निदानच निघत नाही. मामांचं वय 78, गाठ 2 सेंमीची, सर्जननं ऑपरेशन केलंच नाही, सहा महिन्याला स्कॅन करतेत, दोन वर्षांत 4 मिमी वाढली. कॅन्सरवाल्या युरोसर्जनला दाखवा, संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय पण आहे. रेशन कार्ड घेऊन आधी आरोग्यमित्राला गाठा, महात्मा फुले योजनेत बसतंय का ते तोच सांगंल.

गंगाखेडकर:
सीटी झाला. चरबी नाही, आकडा 32 वरून 118 वर गेला. छातीचा स्कॅन क्लिअर. दुसरे सर्जन म्हणले कॅन्सर धरूनच चालू, पण गाठ बाहेरच्या कडेला आहे, पार्शल होतंय, काढलेला तुकडा तपासल्यावर पक्कं नाव कळंल. दादांनी तिथंच विचारलं, हरभरा काढून आलो तर चालंल का? डॉक्टर हसले, तीन आठवड्यानं या म्हणले. माय आज जेवली.