मदत हवी आहे: सणासुदीच्या प्रेमकथा, पण मनापासून लिहिलेल्या

मंडळी, डिसेंबर आला की मी ख्रिसमसवाल्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या वाचते, यंदा पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून चार आणल्या आणि तीन अर्धवट पडल्यात. शेवट गोड होणार हा तर या प्रकाराचा नियमच, त्याबद्दल तक्रार नाहीच, पण दोघं एकमेकांना का आवडतात तेच दिसत नाही, नुसता बर्फ, बेकरी, हॉट चॉकलेट आणि मग शेवटच्या पन्नास पानांत एका फोनवर मिटेल अशा गैरसमजावरून ब्रेकअप! चौथी मात्र जमलीये, त्यात तो रोज पहाटे तिच्या आजारी वडिलांच्या दारातला बर्फ न सांगता काढून ठेवतो, तेवढ्यावर मी रडले.

असं मराठीत कुणी लिहिलंय का? १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंक वाचतोय आपण, म्हणजे सणाला वाचायची सवय आहेच, मग चकल्या तळताना, मुलांचा किल्ला करताना, दिवाळीत पहाटे सारसबागेत जुळणारं प्रेम कुठे सापडेल? माणसं तिशी-पस्तिशीची, नोकरी आणि घर सांभाळणारी हवीत. प्लीज नावं सुचवा, आणि तुम्ही अशी पुस्तकं कशामुळे अर्धवट सोडता तेही सांगा.