माई घाटावर मासे मेले, मरळ तेवढी जिवंत. कशामुळं?

गावभागकर
रोज पहाटे सांगलीत कृष्णेच्या माई घाटावर पोहायला जातो. परवा वळीव झाला. दुसऱ्या दिवशी उजाडताना बघतो तर पायऱ्यांपाशी रोहू, कटला तोंडं वर काढून पाणी चघळत होते. नऊपर्यंत निम्मे उताणे. मरळ मात्र त्यांच्यातनंच मजेत फिरत होती. घाटावर सगळे म्हणतात, कुणीतरी विष घातलं. मग मरळ कशी वाचली? आणि नदीत येणारं शेरी नाल्याचं पाणी शुद्ध करून सोडलं असतं तर हे टळलं असतं का?

हरिपूरवाला
साखर कारखान्याची मळी सोडली असणार, दुसरं काय! दरवर्षीचं आहे हे.

शिफ्टवाले काका
असेलही, पण न तपासता कुणाच्या नावावर घालू नका. मी बावीस वर्षं एका सांडपाणी केंद्रावर शिफ्टला होतो. कुठल्या ते राहू द्या.

मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते. रोहू-कटल्याला पाण्यात विरघळलेलाच ऑक्सिजन लागतो. ३० अंशांच्या पाण्यात तो लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या वर मावत नाही आणि माशांना ४-५ तरी पाहिजे. वळवानं नाल्यात साचलेला गाळ एका झटक्यात नदीत लोटला, बंधाऱ्यामागं पाणी थांबलेलं. घाण कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन संपवत बसले. रात्री शेवाळही तोच ओढतं, म्हणून पहाटेच मासे वर आले. मला तरी हे गुदमरणं वाटतं, विष नव्हे.

केंद्रात वेगळं काही नसतं. तेच जिवाणू, फक्त टाकीत. ब्लोअरनं हवा द्यायची, त्यांचं जेवण तिथंच उरकायचं, म्हणजे ते नदीत पंगत मांडत नाहीत. कच्च्या पाण्याचा बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या पुढंमागं असतो, तो पूर्वी ३० वर आणला की चालायचं, आता निविदेत १० मागतात.

आम्ही दर शिफ्टला टाकीतलं पाणी लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरून अर्धा तास ठेवायचो. तपकिरी गाळ खाली बसला, वर निवळ पाणी आलं, की चहा गोड लागायचा. एकदा रात्री लाईट गेली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. सात तास ब्लोअर बंद! सकाळी गाळ काळा, सडक्या अंड्यांचा वास आणि नळकांड्यात काही खाली बसेना. टाकी वळणावर यायला पाच दिवस गेले. तोवर पाणी कुठं गेलं असेल, सांगायला नको.

वळवाच्या दिवशी पूर्ण टळलं नसतं. उघड्या नाल्याला पूर आला की केंद्राला तेवढं पाणी झेपत नाही, जास्तीचं बाहेरनंच सोडावं लागतं. पण वर्षभर पाणी केंद्रात वळवलं असतं तर नाल्यात एवढा गाळच साचला नसता.

हरिपूरवाला
मग शेरी नाल्याचं पाणी उपसून धुळगावला शेतीला द्यायची योजना होती, ती बरी की काका?

शिफ्टवाले काका
चांगलीच की! नत्र-स्फुरद पिकाला खत, नदीत जलपर्णीला. पण पंप चालू पाहिजेत. तिथंही शेवटी लाईटच.

गावभागकर
काका, ऑक्सिजन मोजायचं किट मिळतं का?

शिफ्टवाले काका
मत्स्यशेतीवाल्यांकडं विचारा. दिवस उगवायच्या आत मोजा, दुपारी शेवाळामुळं आकडा फुगतो. आणि बाटली पाण्याखाली बुडवून भरा, बूच पाण्यातच लावा. बुडबुडा राहिला तर मोजणं वाया.