लेस मरेच्या गायीचं 'मी' मराठीत कसं आणायचं?

अबोली_वाचते
मंडळी, मदत हवीये. लेस मरे हा ऑस्ट्रेलियन कवी इथे कोणी वाचलाय का? २०१९ ला गेला, न्यू साउथ वेल्समधल्या बन्याह नावाच्या खेड्यातला, घरचा दुधाचा धंदा, गोठ्यातच वाढलेला माणूस. त्याचं १९९२ चं 'ट्रान्सलेशन्स फ्रॉम द नॅचरल वर्ल्ड' हे पुस्तक मी सध्या वाचतेय. त्यात प्राणी आणि झाडं स्वतः बोलतात, पण आपल्या पंचतंत्रासारखं शहाणपण सांगत नाहीत, ज्याच्या त्याच्या अंगात शिरल्यावर जे दिसेल, जो वास येईल, तेवढंच बोलतात, आणि त्यासाठी कवीने जवळजवळ प्रत्येकाला वेगळं व्याकरण दिलंय.

त्यातली 'द काउज ऑन किलिंग डे' ही कविता आमच्या वाचनकट्ट्यासाठी मराठीत करायला घेतली आणि पहिल्याच शब्दाला अडकले. यात गायी 'आम्ही' असं म्हणतच नाहीत. सगळा कळप म्हणजे 'ऑल मी' (इंग्रजीतलं me), त्यातली एक गाय म्हणजे 'वन मी'. एका म्हाताऱ्या गायीला मारतात तेव्हासुद्धा 'ती पडली' असं कोणी म्हणत नाही, 'मी' पडते. म्हणजे मरणारीही मी आणि लांब उभं राहून बघणारीही मीच. वाचताना अंगावर काटा आला.

मी सुरुवात अशी केलीये: "सगळी मी वैरणीवर उभी आहे. आभाळ चमकतंय." पण 'सगळी मी' वाचलं की एकाच बाईचं सगळं अंग असं काहीतरी वाटतं, कळप डोळ्यापुढे येत नाही. 'आम्ही' केलं तर कविताच संपली. काय करू?

दक्षिणगोलार्ध
अरे वा, मरेबद्दल मराठीत कोणीतरी विचारतंय! मी बारा वर्षं सिडनीत आहे. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर माझ्याकडे नाही पण एक सांगावंसं वाटतं. हा माणूस १२ वर्षांचा असताना, १९५१ मध्ये, त्याची आई गर्भपातानंतरच्या रक्तस्रावाने गेली, वेळेवर अँब्युलन्स आली नाही, आणि वडील त्या दुःखातून पुढे कधी नीट सावरलेच नाहीत. ते सगळं त्याने कवितांमधून लिहिलंय. नंतर टरी गावच्या शाळेत पोरांनी त्याला जाडा म्हणून छळ छळ छळलं, तेही लिहिलंय. त्यामुळे घोळक्याने एकाला बाजूला काढून मारणं म्हणजे काय हे त्याला चांगलंच ठाऊक होतं, आणि म्हणूनच जिथे कोणी बाजूला निघूच शकत नाही असा कळप त्याने लिहिला, असं मला नेहमी वाटतं. हे माझं वाचन आहे, तो स्वतः असं कुठे म्हणालाय असा दावा नाही.

कट्ट्यावर नवीन लोक असतील तर आधी त्याची 'ॲन ॲब्सोल्यूटली ऑर्डिनरी रेनबो' ही कविता वाचून दाखवा. सिडनीत मार्टिन प्लेसला भर गर्दीत एक माणूस उभा राहून रडतोय, ट्रॅफिक थांबलाय, लोक गोल करून उभे आहेत आणि कोणाला त्याच्या जवळ जायची हिंमत होत नाही, एवढीच गोष्ट. एक बाई हात पुढे करते आणि तिलाही रडू येतं, जणू काहीतरी हातात मिळाल्यासारखं. शेवटी तो माणूस तोंड पुसतो आणि घाईघाईने पिट स्ट्रीटने निघून जातो, कारण भक्त जमायला लागलेले असतात आणि त्याला ते नको असतात. मी आजही मार्टिन प्लेसच्या स्टेशनातून वर आले की क्षणभर थबकते.

शब्दपारखी
अबोलीताई, 'सगळ्या मी उभ्या आहेत' असं करून बघा. कानाला खटकेल, पण मुळातही 'मी'ला अनेकवचनी क्रियापद लावून इंग्रजी वाचकाच्या कानाला खटकवलंच आहे की. 'सगळ्या' आणि 'उभ्या' यातून कळप आपोआप येतो.

आणि एक गंमत बघा, इंग्रजीत कवीला 'मी शिव्हर्स' (me shivers) असं मुद्दाम चुकीचं लिहावं लागलं. आपल्याकडे चूक करावीच लागत नाही! 'मी थरथरते', 'ती थरथरते', क्रियापद एकच. 'मी पडते', 'ती पडते'. वर्तमानकाळात आपल्या भाषेत मी आणि ती यांच्यात क्रियापदापुरता फरकच नाही, म्हणजे ही गाय जे म्हणते ते मराठी बाई रोज बोलते, फक्त आपल्या कधी लक्षात येत नाही. पण सांभाळा, भूतकाळात गेलात की फुटलं सगळं, 'मी पडले' आणि 'ती पडली'. मूळ कविता वर्तमानकाळातच आहे, तिथून एक वाक्यही हलवू नका. थोडं नुकसान होणारच, इंग्रजीत जो ओबडधोबडपणा आहे तो आपल्याकडे गुळगुळीत होईल, ते 'सगळ्या मी'ने भरून निघेल.

त्याच पुस्तकात डुकरांची कविता आहे ती शेजारी ठेवून वाचा. डुकरं 'मी' म्हणत नाहीत, 'अस', 'वी' (us, we) असं सगळं अनेकवचनात, सिमेंटवर कोंबलेली. विजेच्या खांबाला ती काय म्हणतात, तर वीज ज्याला बांधून ठेवलीये तो खांब. तिथे मात्र तुम्हाला 'आम्ही' की 'आपण' हे ठरवावं लागेल आणि तो निर्णय इंग्रजी कवीला कधी घ्यावाच लागला नव्हता. माझं मत 'आपण', कारण तिथे ऐकणारं दुसरं कोणी नाहीच.

गोठ्यातला_बाळू
मी कवितेतला माणूस नाही, आमच्याकडे अकरा जर्सी आणि एचएफ जातीच्या गायी आहेत, पण ताईंचा प्रश्न वाचून कविता शोधली, मुलीला इंग्रजी वाचायला लावली आणि मराठीत समजून घेतली. दोनदा वाचून घेतली. या माणसाने धारा काढल्यात हे सांगावं लागत नाही. मशीनचे कप म्हणजे बिनदाताची गार तोंडं, ती नुसती श्वास आत आत आत ओढतात आणि बाहेर कधी सोडतच नाहीत, असं गाय म्हणते. मी रोज पहाटे साडेचारला तो आवाज ऐकतो, इतकी वर्षं ऐकतो, आणि अगदी तसाच आहे तो. ते 'आत आत आत' तसंच ठेवा ताई, मोठ्याने म्हणून बघा मशीनच्या ठेक्यात.

आता शब्दांचं. वैरण नका लिहू. वैरण आपण कापून आणून पुढ्यात टाकतो, पायाखाली असतो तो चारा. 'चाऱ्यावर उभ्या'. वैरण पुढे येते, ट्रॅक्टरवरून गोल गठ्ठे पडतात तिथे, त्यात लसूणघास पण आहे, आणि गाय म्हणते कोणीतरी चावलंय पण गिळलेलं नाही, तरी हा रवंथच आहे. काय डोकं आहे! ट्रॅक्टरवरची पोरगी म्हणजे कालवड-माणूस, ते बरोबर. पण पुरुषाला बैल-माणूस करू नका, बैल खच्ची केलेला असतो. वळू-माणूस करा.

आणि वासराचं दुःख धार काढल्यावर जरा निवतं असं एक आहे त्यात. खरंय ते. वासरू तोडलं की कास दाटते, गाय रात्रभर हंबरते, पिळल्यावर तेवढ्यापुरती शांत होते.

मागच्या पावसाळ्यात आमची एक गाय विताना गोठ्यातच गेली. तिला नेल्यावर जागा धुतली, चुना टाकला, तरी बाकीच्या तीन दिवस त्या जागी नाक लावून उभ्या राहायच्या, दोघींनी पान्हा चोरला. तेव्हा मला वाटलं की घाबरल्यात. आता वाटतं की त्या तिला शोधतच नव्हत्या.

अबोली_वाचते
बाळूदादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ काही टाईपच करू शकले नाही. चारा, वळू, आत आत आत, सगळं घेतलं. शब्दपारखी, 'सगळ्या मी' पण घेतलं, आता कळप दिसतोय.

आता असं झालंय: "सगळ्या मी चाऱ्यावर उभ्या आहेत. आभाळ चमकतंय. सगळ्या मींची आत्ताच धार काढलीये." 'मींची' हे चालेल का? मला तरी आवडलंय.

एकच जागा राहिली. सुरी. गायीला सुरी हा शब्द माहीतच नाही, ती म्हणते कडू झाडाचं असतं तसलं एक चमकतं पान माणसाजवळ आहे आणि ते माझ्या मानेत काम करतंय. ते झाड म्हणजे तिकडचं गम ट्री, आपल्याकडे निलगिरी. नुसतं 'कडू झाड' म्हटलं तर आपला वाचक कडुनिंबाकडे जाईल अशी भीती वाटते.

गोठ्यातला_बाळू
निलगिरीच लिहा. बांधावर चार झाडं आहेत आमच्या, पान लांब आणि विळ्यासारखं वाकडं असतं, उन्हात चमकतं. कडुनिंबाचा पाला गुरं कधीमधी खातात तरी, निलगिरीला तोंड लावत नाहीत. गाय ते पान लांबूनच ओळखते.