१९ तारीख: क्रीकची सफाई, हॉलची किल्ली आणि मखर

माई (स्वयंसेवक यादी)

नमस्कार मंडळी,

गुरुवारपर्यंत आकडा कळवायचाय, म्हणून घाईत लिहितेय. कोस्टल क्लीनअप, म्हणजे किनारे आणि क्रीक साफ करायचा दिवस, सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, तो यंदा १९ ला आला. वेळ ९ ते १२, जागा आपली नेहमीचीच, फ्रीमाँटमधल्या नाइल्सची, अलमीडा क्रीकच्या काठी. आणि आपला गणपतीही १९ लाच. हॉलची किल्ली ८ ला, पूजा २ ला. दोन्हीकडे नावं तीच आहेत. यादी समोर घेऊन बसले, तर अकरा जण दोन्ही ठिकाणी!

कोण कुठे ते आजच सांगा. अठराच्या आतल्या मुलांच्या फॉर्मवर आईबाबांची सही लागते; मागच्या वेळी गेटवर जे झालं ते पुन्हा नको.

बंडूकाका (मखर)

माई, मखराच्या यादीतली माणसं मी सोडणार नाही. मागच्या वर्षी "बारापर्यंत येतोच" म्हणून गेलेली मंडळी पाऊणला आली, बुटांना चिखल तसाच. तोवर कमान आम्ही तिघांनी उभी केली होती आणि तिघांपैकी दोघे पासष्टीच्या पुढचे. त्यानंतर पंधरा दिवस माझी पाठ धरली होती.

क्लीनअपला माझा विरोध नाही, मी स्वतः तीनदा गेलोय. पण आपण ऑक्टोबरमधला एखादा शनिवार धरून जाऊ. क्रीक कुठे पळून जात नाही. गणपती मात्र वर्षातून एकदाच येतो.

अप्पा (नाइल्स)

बंडू, क्रीक पळून जात नाही, पण कचरा जातो. उन्हाळाभर पात्रात साचलेलं सगळं पहिल्या मोठ्या पावसात एका रात्रीत खाडीत जातं. ऑक्टोबरात पाऊस लवकर आला तर आपण फक्त ओला काठ बघून परत येऊ. म्हणून ही तारीख पावसाआधीची आहे. शिवाय भरलेल्या पिशव्या उचलायला गाडी त्याच दिवशी येते. एरवी तीस पिशव्या कुणाच्या गराजमध्ये ठेवायच्या?

दुसरं, ही साधी क्रीक नाही. समुद्रात वाढलेला स्टीलहेड मासा हिवाळ्याच्या पावसात अंडी घालायला अलमीडा क्रीकमधूनच वर चढतो. १९९७ मध्ये इथल्या स्टीलहेडची नोंद धोक्यातल्या प्राण्यांत झाली, अलमीडा क्रीक अलायन्स ही क्रीकसाठी झटणारी संस्थाही त्याच वर्षी सुरू झाली. बार्ट या लोकल गाडीच्या रुळांखालच्या काँक्रीटच्या बांधाला मासे धडकून परत फिरायचे, तेव्हा ही माणसं परवानगी काढून जाळीत मासा धरायची आणि बांधापलीकडे नेऊन सोडायची. पंचवीस वर्षं मागे लागल्यावर तिथे माशांसाठी शिडी झाली. वर सुनोलला गॅसच्या पाइपलाइनवरचा काँक्रीटचा थर होता, तोही २०२५ मध्ये काढला. इतकं झाल्यावर त्या वाटेत आपण प्लॅस्टिक कसं राहू द्यायचं?

मी १९ ला क्रीकवर असेन. सव्वाअकराला निघून हॉलवर येईन, शब्द देतो.

नंदू

अप्पा, माशांचं छान सांगितलंत. त्यावरून आठवलं, जूनमध्ये कायोटी हिल्सला आपण जो पक्षी बघितला त्याचा निकाल अजून लागला नाही. तुम्ही कापशी म्हणालात. पांढरा, खांद्यावर काळा डाग, एका जागी हवेत पंख मारत थांबलेला. पण आपल्याकडची कापशी ती ही नव्हे. हा व्हाइट-टेल्ड काइट, कापशीचा इथला चुलतभाऊ. गावी विजेच्या तारेवर बसलेली कापशी लहानपणापासून बघतोय, तिचे डोळेही असेच लाल.

सफाईनंतर अर्धा तास तिथे जाता येईल का? जवळच आहे.

अप्पा (नाइल्स)

मी "कापशीसारखा" म्हणालो होतो, फोटोखाली तसंच लिहिलंय. १९ ला पक्षी नकोत, बंडू रागावेल. रविवारी २७ ला सकाळी साडेसातला जाऊ. दुर्बिणी दोनच आहेत, आणखी कुणाकडे असेल तर आणा.

छोटीकाकू (पूजा साहित्य)

मला गेल्या क्लीनअपचं एक सांगायचंय. गेल्या वर्षी मी बोलले नाही, कारण कार्यक्रमाच्या आनंदात ते काढावंसं वाटलं नाही.

पुलाखालच्या वळणावर माझ्या चिमट्यात पहिल्यांदा आला तो हार. झेंडू कुजून काळे पडले होते, पण दोरा धडधाकट. नायलॉनचा. ओढला तर लांबत गेला, गवताच्या मुळांत गुंडाळलेला, आणि त्यात जरीची गोंडी, कलशाला बांधतो ती नाडाछडी, लाल चुनरीचा तुकडा. त्याखाली शेंडीसकट नारळ. माझ्या शेजारी इथलीच एक म्हातारी बाई पिशवी धरून उभी होती. तिने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, प्रार्थनेतलं आहे. ती म्हणाली "ओह", आणि पिशवीचं तोंड आणखी उघडून धरलं. मला तिच्याकडे बघवेना.

तो हार आपल्या मंडळाचा होता असं मी म्हणत नाही. पण आपल्यापैकी कुणाच्या तरी देवघरातला होता. भक्तीनं वाहिलेला, आणि भक्तीनंच पाण्यात सोडलेला. आपल्याकडे निर्माल्य कचऱ्यात टाकत नाहीत, मलाही जड जातं. पण नदीत सोडायचं ते आपल्या आज्यांच्या काळी, तेव्हा हार केळीच्या सोपात ओवलेला असायचा. आता त्याच हारात बगळ्याचा पाय अडकेल.

तेव्हा १९ ला हॉलमध्ये निर्माल्याचं वेगळं टेबल हवं. फुलं, पत्री, दूर्वा हिरव्या डब्यात जातात, त्याचं खत होतं. दोरा, जरी, थर्माकोल काढूनच. हे काम करायला मला चार माणसं द्या.

युवा गट

काकू, आम्ही चौघं करू. आधी आम्हाला हाफ मून बेला जायचं होतं, कारण बीचवर मजा येते. पण नाइल्सला येतो. काहींच्या घरी पीओपीचा गणपती आहे, त्याचं काय करायचं? आमची मूर्ती गेल्या वर्षी बादलीत आठ दिवस तशीच होती.

नंदू

पीओपी साध्या पाण्यात लवकर विरत नाही. पुण्यात एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) शोधलेली पद्धत महापालिका वापरते: पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट मिसळून मूर्ती ठेवायची. खाली चुन्यासारखा साका बसतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खतच. अमोनियाचा वास येतो, म्हणून बादली अंगणात ठेवा. पण पुढच्या वर्षी शाडूचीच घ्या, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

बंडूकाका (मखर)

छोटीकाकूंची मेल सकाळी वाचली. हिलाही वाचून दाखवली. आमच्या घरचे हारही गेली कित्येक वर्षं दुकानातलेच, दोरा कसला आहे ते मी कधी बघितलं नाही.

मला ८ ला फक्त चार उंच माणसं आणि एक पिकअप द्या. कमान शुक्रवारी रात्री माझ्या गराजमध्ये जोडून ठेवतो, हॉलमध्ये नुसती उभी करायची. बाकीचे क्रीकवर जा, साडेअकराला निघा. आणि बूट बदलून या, दुसरी जोडी गाडीत ठेवा.

माई (स्वयंसेवक यादी)

मग असं धरते: मखराला चार, क्रीकला सतरा, त्यांतले युवा गटाचे चौघं एकपासून काकूंच्या टेबलावर. हातमोजे आणि बादली घरचीच आणा. पिकअप अजून मिळालेली नाही. आणि यंदाचा मोठा हार सुती दोऱ्यात ओवून द्या, हे हारवाल्यांना कोण सांगणार?

छोटीकाकू (पूजा साहित्य)

मी सांगते, उद्याच जाते. टेबलासाठी कात्र्या मात्र घरून आणा, हॉलमधल्या कात्रीला धार नाही.