मिरचीची वाकडी पाने आणि ‘आधी शोधा’ हे उत्तर

गच्चीवरची अबोली (धायरी)

परवा आपल्या बागकाम समूहात एका नव्या सदस्येने विचारले, “मिरचीची पाने वाकडी होत आहेत, काय करू?” त्यावर ‘पर्वतीपायथा’ यांनी लिहिले की हा प्रश्न दर पंधरा दिवसांनी येतो, जुने लेखन शोधण्याचे कष्ट ज्यांना नकोत त्यांना कोणीही उत्तर देऊ नये, म्हणजे त्यांना आपोआप सवय लागेल. अनेकांनी त्याला अनुमोदन दिले. त्या बाईंना मात्र आजपर्यंत कोणी काही सांगितलेले नाही, आणि म्हणून मला हे सविस्तर लिहावेसे वाटले.

काल रात्री मी त्यांच्या जागी बसून शोध घेतला. ‘मिरचीची पाने वाकडी’ असे लिहिल्यावर उपयोगाचे काहीही मिळाले नाही. आपल्याकडे याचे उत्तर आहे, पण ते ‘चुरडा-मुरडा’ या शब्दाखाली आहे. सर्वांत चांगले उत्तर तर ‘बोकड्या’ या शब्दाखाली आहे, कारण ते एका शेतकरी सदस्याने लिहिले होते आणि शेतकरी त्या रोगाला बोकड्याच म्हणतात. सदनिकेच्या बाल्कनीत पहिल्यांदाच मिरची लावणाऱ्या बाईंना हे दोन शब्द कोठून माहीत असणार? शोधायचे तर नाव ठाऊक हवे, आणि नाव ठाऊक असते तर त्यांनी अर्धे उत्तर स्वतःच मिळवले असते.

माझेच सांगते. मी २०१६ साली लग्न होऊन पुण्यात आले. आमच्या माहेरी ज्याला गोडलिंब म्हणतात त्याला येथे कढीपत्ता म्हणतात आणि काही जण कढीलिंब म्हणतात, हे कळायलाही मला वेळ लागला. पहिल्या पावसाळ्यानंतर मी विचारले होते, “जास्वंदीवर कापूस आला आहे, हा काय प्रकार?” एका सदस्याने फक्त दोन शब्द लिहिले: ‘पिठ्या ढेकूण’. त्या दोन शब्दांच्या आधारे मी त्याच संध्याकाळी सगळे वाचून काढले आणि पुन्हा तो प्रश्न कधी विचारला नाही. नवख्याला पहिल्या उत्तरात एवढे तरी मिळालेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पूर्ण उपाय नका देऊ. त्याच्या दुखण्याचे नाव तरी द्या.

पर्वतीपायथा

माझे म्हणणे अर्धेच उद्धृत झाले आहे, म्हणून उत्तर देतो. मी बारा वर्षे येथे उत्तरे देत आहे आणि उत्तरे देण्याचा मला कंटाळा नाही. २०२० च्या टाळेबंदीत अर्ध्या पुण्याने एकदम कुंड्या मांडल्या, तेव्हा मी रात्री एक-एक वाजेपर्यंत लिहीत असे. त्या काळात एका गृहस्थांचे लिंबू वाळत होते. मी तीन गोष्टी विचारल्या: ऊन किती तास मिळते, कुंडी केवढी आहे, पाणी नळाचे की टँकरचे? पिवळी पडलेली पाने जुनी आहेत की नवी, हेही विचारले, कारण जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी असण्याची शक्यता असते आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर लोहाची. त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. तीन महिन्यांनी तेच गृहस्थ त्याच शब्दांत तोच प्रश्न घेऊन परत आले.

माझा राग अज्ञानावर नाही. उपाय सांगितल्यावर झाड जगले की मेले हे कळवायला कोणी परत येत नाही, त्याचे मला दुःख आहे. मी सांगितलेले बरोबर होते की चूक, हे मला कसे कळणार?

रोजची वारी हिंजवडी

हा वाद आम्ही संगणकाच्या लोकांनी आधीच भांडून घेतला आहे. एरिक रेमंड या प्रोग्रामरने २००१ साली प्रश्न कसा विचारावा यावर एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. त्यात विचारणाऱ्याने आधी स्वतः काय करून पाहिले ते सांगावे, असा आग्रह होता आणि तो योग्यच होता. पण आमच्या पिढीने त्या लेखाचा दुवा नवख्यांच्या तोंडावर फेकण्यासाठीच वापरला. मीही फेकला आहे. कार्यालयात रुजू झालेल्या एका मुलीला मी तो पाठवला, त्यानंतर तिने मला काहीही विचारणे बंद केले, आणि दोन महिन्यांनी तिच्या कामातली जी चूक उघडकीस आली ती पाच मिनिटांच्या बोलण्याने टळली असती. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झाले. दहा वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, त्यांच्याच कंपनीला जाहीरपणे लिहावे लागले की आमच्याकडे नव्या लोकांना आपलेपणा वाटत नाही.

मात्र तेथील एक पद्धत मला पटते. प्रश्न जुना असेल तर तो बंद करतात, पण बंद करताना जुन्या उत्तराचा दुवा तेथेच ठेवतात. ‘शोधा’ म्हणण्याइतकाच वेळ दुवा देण्यास लागतो.

शाईचा डाग (शनिवार पेठ)

दुवा द्यायचा तर जुने उत्तर सापडले पाहिजे, आणि ते सापडत नाही याचे खरे कारण कोणी बोलत नाही. निम्मे प्रश्न रोमन लिपीत लिहिलेले असतात. ‘कढीपत्ता’ हा एक शब्द रोमनमध्ये किती तऱ्हांनी लिहिला जातो ते पाहा: ढ साठी कोणी एक अक्षर योजतो, कोणी दोन, कोणी त्याचा र करून टाकतो. शोध घेणाऱ्याने कोणते रूप लिहायचे? मी तीस वर्षे मुद्रितशोधन केले आहे. युनिकोड, म्हणजे सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले आमचे शेकडो मजकूर आज कोणत्याही यंत्रावर वाचता येत नाहीत. ते मी डोळ्यांदेखत नष्ट होताना पाहिले आहेत. जे शोधून सापडत नाही तेही असेच हरवते, म्हणून रोमनमधल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी मोडणार नाही.

बाणेरचा तळमजला

आपल्या या नियमाने माझ्या आईचे काय झाले ते ऐका. तिचे वय ६८. चाळीस वर्षे घरची परसबाग सांभाळलेली बाई. तिला फोनवर देवनागरी कळफलक बदलता येत नव्हता, म्हणून तिने रोमनमध्ये विचारले की अळूची पाने का खाजतात आणि लागवडीसाठी कोणता कंद घ्यावा. तिला पहिले उत्तर मिळाले, “मराठी मराठीत लिहा.” तिने फोन खाली ठेवला आणि पुन्हा येथे एक अक्षर लिहिले नाही. ती आपल्याला काय काय शिकवू शकली असती, याचा हिशेब कोण देणार?

शाईचा डाग

आपल्या मातोश्रींना ते उत्तर मी दिले नव्हते. पण सोय नाही ही सबब मला मान्य नाही. भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ सालचा आहे, त्यावर पुढे काम करणारी सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ पासून आपल्याच पुण्यात आहे, आणि देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. आज फोनवर नुसते बोलले तरी देवनागरी उमटते. आपण मुलगा म्हणून पाच मिनिटे आईजवळ बसून ते दाखवले असते, तर ही वेळ आली नसती.

बाणेरचा तळमजला

माझ्या घरात मी काय करायला हवे होते हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मी त्या वर्षी बंगळुरूला होतो. आणि तीच पाच मिनिटे येथील कोणी का देऊ नयेत? रोपे वाटताना आपण कोणाला परके मानत नाही, मग कळफलक दाखवताना का मानतो?

गच्चीवरची अबोली (धायरी)

कृपया दोघांनीही आवाज खाली घ्या. ‘शाईचा डाग’ यांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, जरी तो ज्या शब्दांत मांडला ते शब्द मला पटले नाहीत. रोमनमधले उत्तर पुढच्याच्या हाती लागत नाही, हे खरे आहे. पण उपाय सोपा आहे: प्रश्न कोणत्याही लिपीत येवो, उत्तर देवनागरीत द्यावे आणि त्यात रोगाची सगळी नावे लिहावीत. चुरडा-मुरडा, बोकड्या, पाने वाकडी होणे, पाने आकसणे. म्हणजे पुढच्या वेळी जो ज्या शब्दाने शोधेल त्याला ते मिळेल.

शाईचा डाग

उत्तर देवनागरीत असेल तर माझी हरकत उरत नाही. मातोश्रींबद्दलचे वाक्य मी मागे घेतो. लिपीविषयीचे मत मागे घेत नाही.

नवी कुंडी

तो मिरचीचा प्रश्न माझाच होता. एवढा वाद होईल असे वाटले नव्हते, आणि पुन्हा लिहावे की नाही या विचारात दोन दिवस गेले. वर विचारलेली माहिती देते. कुंडी दहा इंचांची, बाल्कनी पश्चिमेकडे, दुपारी दोननंतर ऊन, पाणी बोअरचे. पाने वरच्या बाजूला होडीसारखी वळली आहेत. झाड हलवले की पानांखालून बारीक पांढऱ्या माश्या उडतात.

पर्वतीपायथा

हे पहिल्याच दिवशी लिहिले असते तर, असो. आपण परत आलात याचे मला बरे वाटले.

पाने वर वळणे हे बहुधा फुलकिड्यांचे (रस शोषणाऱ्या बारीक किडींचे) लक्षण असते. कोळी नावाच्या अगदी बारीक किडीमुळे ती खाली वळतात. पांढरी माशी दिसते आहे, म्हणून विषाणूचीही शंका घ्यावी लागेल, कारण तो तिच्यामुळे पसरतो. आज संध्याकाळी एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुलिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून पानांच्या खालच्या बाजूने फवारा. उन्हात फवारू नका. माशीसाठी पिवळा आणि फुलकिड्यांसाठी निळा चिकट सापळा लावा. दर पाच-सहा दिवसांनी असे तीन वेळा करा. त्यानंतरही नवे शेंडे आखूड आणि आकसलेलेच येत राहिले तर तो विषाणू समजा. त्यावर औषध नाही; शेजारच्या कुंड्या वाचवण्यासाठी झाड उपटून पिशवीत बांधून टाकावे लागेल, खताच्या डब्यात घालू नका.

रोगाला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. तिसऱ्या फवारणीनंतर शेंडे कसे आले, ते येथेच लिहा. मी वाट पाहीन.