तो पट्टेदार मुळात नव्हताच

वर विचारलंय की ‘मार्टिन विरुद्ध हंटर्स लेसी’ (१८१६) हा वाद जमिनीच्या मालकीचा, मग अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातल्या या खटल्याच्या नावात हंटरचा पट्टेदार कुठून आला?

तो कागदावरचा माणूस आहे. मालकीहक्काचे जुने इंग्लिश दावे अतिशय किचकट होते, म्हणून वकील ‘इजेक्टमेंट’ (जमिनीवरून हुसकावल्याचा दावा) वापरायचे. पण हा दावा होता पट्ट्याने जमीन कसणाऱ्याचा. मग मालकाने एका काल्पनिक माणसाला पट्टा दिला आणि दुसऱ्या काल्पनिक माणसाने त्याला हुसकावलं, असं लिहायचं. जॉन डो आणि रिचर्ड रो ही प्रसिद्ध नावं इथलीच. खऱ्या कब्जेदाराला बाजू मांडायची तर पट्टा आणि हुसकावणी आधी कबूल करावी लागे. मग उरे फक्त मालकीचा प्रश्न. मला ही युक्ती फार आवडते.

पण दाव्यांच्या अशा ठरावीक साच्यांची दुसरी बाजू क्रूर होती. फेकलेला ओंडका थेट अंगावर बसला तर ‘ट्रेसपास’ (थेट इजेचा दावा). तोच रस्त्यात पडून राहिला आणि नंतर कुणी अडखळलं तर ‘केस’ (अप्रत्यक्ष इजेचा दावा). वकिलाने चुकीचा साचा निवडला, की इजा खरी असूनही दावा फेटाळला जाऊ शकत असे. माझ्या मते हा सरळ अन्याय होता.

न्यूयॉर्कने १८४८ मध्ये वकील डेव्हिड डडली फील्ड यांच्या संहितेने हे साचे मोडून दिवाणी दाव्याचा एकच प्रकार ठेवला. संघीय न्यायालयांत तसा नियम यायला १९३८ उजाडलं.